एसीच्या पाइपाला घाम फुटतो तेव्हा

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की एसीच्या दोन्ही तांब्याच्या पाइपांना (घरातल्या इनडोअर युनिटला बाहेरच्या आउटडोअरशी जोडणारे, एक जाड आणि एक बारीक) वेगवेगळा फोम, म्हणजे अंगावर चढवायची मऊ इन्सुलेशनची नळी, हवा आणि त्या फोमचा एकही सांधा उघडा नको. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांनी फक्त पाण्याने खराब झालेल्या भिंतीचे फोटो पाठवले, त्यांनी पहिलं उत्तर वाचावं.

प्रश्न : ताई, बेडरूममध्ये एसी बसवून वर्षही झालेलं नाही. इनडोअरच्या मागे पाइप जिथे भिंतीत शिरतो, तिथे ओल येऊन रंगाचे पोपडे निघाले आहेत. मेकॅनिक येतो, ड्रेन साफ करतो, जातो. पाणी आहे तिथेच. हवा कोरडी असली की मात्र काहीच होत नाही. नक्की बिघडलंय काय?

उत्तर : पाणी दिसलं की पहिला संशय ड्रेनवर जातो, त्यात मेकॅनिकचं काही चुकलं नाही. पण संशय खरा की खोटा, हे तपासून मग साफसफाई करावी. एसी मेन स्विचपासून बंद करा आणि ओल पुसून घ्या. पुढचं झाकण उघडून कॉइलच्या पात्यांवरून लिटरभर पाणी हळूहळू सोडा, म्हणजे ते खालच्या ट्रेमध्ये उतरेल. सर्किट ज्या बाजूला असतं त्या बाजूपासून लांब राहा. ओतलेलं पाणी ड्रेनच्या नळीतून बाहेर पडलं आणि भिंत कोरडी राहिली, तर ड्रेन निर्दोष सुटला. आता सगळं वाळू द्या, एसी लावा आणि तासाभराने भोकापाशी बोटं घालून पाहा. ओलं लागलं, तर पाणी पाइपाच्या अंगावरचं आहे.

ते येतं कुठून? एसी चालू असताना जाड पाइप साधारण 8 ते 12 अंशांवर असतो. हवा 30 अंशांची आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे त्या हवेत 26 अंशांपेक्षा थंड जे काही उघडं सापडेल, त्यावर पाणी धरणारच. आर्द्रता 60 टक्क्यांवर आली तरी दवबिंदू 21 अंश असतो, पाइप त्याच्याही खाली. हवा आणखी कोरडी झाली की जमणारं पाणी इतकं थोडं होतं, की वाहायच्या आत उडून जातं. म्हणून तुम्हाला वाटतं, की दुखणं आपोआप बरं झालं.

माझा अंदाज तुमच्या फ्लेअर नटवर आहे. इनडोअरमधून कंपनीचे दोन आखूड पाइप बाहेर येतात आणि बाहेरून आणलेले पाइप त्यांना पितळी नटने जोडतात. गळतीची तपासणी होईपर्यंत हा सांधा उघडाच ठेवावा लागतो. तपासणी झाली की त्यावर फोम चढवायचा, दोन्ही टोकं चिकटवायची, मग युनिट भिंतीवर मागे दाबायचं. पण हे सगळ्यात शेवटचं काम, शिवाय दिसणार नाही असं. तेव्हा पाच-सहा वेढे टेप गुंडाळून विषय संपवला जातो. टेप म्हणजे इन्सुलेशन नव्हे. नट जाड पितळेचा, तो पाइपाइतकाच गार होतो आणि नुसत्या टेपेखाली बिनधास्त घाम गाळतो.

अशी टेप सोडवली, की आत काय दिसतं ते ठरलेलं आहे. वरचे वेढे कोरडे, आतले ओले. नटच्या दोन्ही बाजूंना फोम संपतो तिथे बोटभर तांबं उघडं. त्या तोंडातून पाणी फोमच्या आत शिरलेलं, हातभर लांबपर्यंत. फोम हाताला जड लागतो आणि दाबला की बोटांमधून पाणी निथळतं. तांब्यावर हिरवट डाग. पाणी उष्णता वाहून नेण्यात चांगल्या फोमच्या पंधरापटींहून पुढे आहे. भिजलेला फोम नसल्यातच जमा.

लोक समजतात, की फोमचं काम फक्त पाइपाला गरमीपासून वाचवणं. त्याचं दुसरं कामही तेवढंच मोठं आहे : हवेतली वाफ पाइपापर्यंत पोहोचू न देणं. वाफ गार जागेकडे ओढली जाते. तिला नखाएवढी फट पुरते. आत गेली, की पाणी होतं आणि मग बाहेर पडायला वाट नसते. म्हणून मी जाडीच्या आधी सांधे पाहते. 19 मिलिमीटरचा उघड्या शिवणीचा फोम मला दाखवू नका, त्यापेक्षा नीट बंद केलेला 13 चा चालेल.

तुमच्याकडे काम एवढंच : युनिट खालून पुढे ओढून टेप सोडवायची, भिजलेला फोम जिथपर्यंत जड लागतो तिथपर्यंत कापून काढायचा, पाइप कोरडा करायचा, नटवर मोठ्या व्यासाची फोमची नळी घालून दोन्हीकडच्या फोमवर थोडी थोडी चढवून चिकटवायची. बाहेरच्या बाजूने भिंतीतलं भोक पुट्टीने बंद करायला सांगा. त्या भोकातून दमट हवा थेट युनिटच्या पाठीशी येत असते, आणि हे कोणी बघतच नाही. भिंत रंगवायची घाई करू नका, आधी ती आतून वाळू द्या.

प्रश्न : फोम किती मिलिमीटरचा घ्यावा? एक जण 9 पुरे म्हणतो, दुसरा 19 शिवाय हात लावत नाही. आणि पांढरा चांगला की काळा?

उत्तर : दोघंही आपापल्या हवेत बरोबर असू शकतात, म्हणून एक हिशेब मांडून दाखवते. अर्धा इंची, म्हणजे 12.7 मिलिमीटरचा पाइप, आत 8 अंश. बाहेर 30 अंश, आर्द्रता 80 टक्के. दवबिंदू वर सांगितला तोच, 26 च्या किंचित वर. नायट्राइल रबरचा 9 मिलिमीटरचा फोम घातला, तर फोमचा बाहेरचा पृष्ठभाग 25 अंशांच्या आसपास राहतो. नापास, फोमलाच घाम फुटणार. 13 मिलिमीटरला साडेसव्वीस, म्हणजे काठावर पास. 19 मिलिमीटरला पावणेअठ्ठावीस, निर्धास्त.

हे झालं हवा खेळती असताना. तोच पाइप फॉल्स सीलिंगच्या आत किंवा कपाटामागच्या कोंदट कोपऱ्यात असेल, तर फोमच्या पृष्ठभागाला हवेची ऊब कमी मिळते आणि 13 वालाही 25 अंशांवर घसरतो. 19 मिलिमीटर तिथेही तरतो. तेव्हा कोरड्या हवेत, उघड्यावरून जाणाऱ्या पाइपाला 9 चालून जाईल. दमट हवेत 13 च्या खाली उतरू नका, आणि जिथे हात पोहोचणार नाही तिथे 19 च घाला. पाइप जाड असेल, तर तेवढ्याच परिणामासाठी फोमही थोडा जाड लागतो.

चकचकीत चंदेरी आवरणाचा फोम अनेकांना जास्त भारी वाटतो. दिसतो झकास. पण चमकदार पृष्ठभाग आसपासच्या भिंतींकडून येणारी उष्णता फारशी घेत नाही, त्यामुळे तो काळ्या पृष्ठभागापेक्षा गार राहतो, आणि गार राहिला की दवबिंदूच्या जवळ सरकतो. काठावर पास होणारा काळा फोम चंदेरी कपडा घालून नापास होऊ शकतो. चंदेरी हवाच असेल, तर एक माप जाड घ्या.

रंगाचं म्हणाल, तर पांढरा बहुधा पॉलिएथिलीनचा असतो आणि काळा नायट्राइल रबरचा. पॉलिएथिलीन वाईट नाही, पाणी पीत नाही. पण तो ताठ, वळणावर चुरगळतो आणि कालांतराने लांबीला आखडतो. दोन तुकडे टोकाला टोक भिडवून लावलेले असतात, तिथे मग फट पडते आणि तेवढ्याच फटीतून थेंब सुरू होतो. रबर लवचिक, वळणावर अंगासरशी बसतं आणि गोंद त्याला घट्ट धरतो. मी घरी रबरच वापरते. ग्लासवूल, कापडी चिंध्या, थर्माकोल यांचं नाव नको. ज्यातून हवा आरपार जाते ते गार पाइपावर चालत नाही.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत दोन्ही पाइपांना फोम हवा. आमचा मेकॅनिक म्हणतो, बारीक पाइप गरम असतो, त्याला उघडाच ठेवतात. खरं कोणाचं?

उत्तर : त्याने ज्या मशिनांवर काम शिकलं असेल, तिथे त्याचंच खरं. गॅसचा दाब जिथे एकदम उतरवतात, तिथून पुढे तो गार होतो. तो दाब उतरवणारा भाग इनडोअर कॉइलपाशी असेल, तर आउटडोअरपासून तिथवर बारीक पाइपातून गरम द्रव येतो. डक्टच्या मोठ्या यंत्रणांमध्ये बहुधा असंच असतं आणि तिथे बारीक पाइप उघडा ठेवला तरी चालतो. कडक तापलेल्या छताखालून जात असेल तेवढा सोडून.

भिंतीवरच्या घरगुती स्प्लिट एसीत मात्र दाब उतरवणारा हा भाग, म्हणजे कॅपिलरी किंवा इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह, आउटडोअरमध्येच बसवलेला असतो. म्हणजे बारीक पाइपात शिरतानाच गॅस गार झालेला असतो. तो उघडा ठेवला तर दोन तोटे. एक, तो टपकतो. दुसरा, खोलीतली उष्णता उचलायची जी ताकद त्याच्यात आहे, ती वाटेत बाहेरच्या उन्हावर खर्च होते. वादात पडूच नका. एसी गारव्यावर पंधरा मिनिटं चालू द्या आणि बारीक पाइपाला बोट लावा. गार लागला की फोम हवा.

दोन्ही एकाच फोममध्ये कोंबायचे नाहीत, हेही पुन्हा सांगते. दोन गोल पाइप एकत्र घातले की मध्ये फट राहते आणि नळी कधीच पूर्ण मिटत नाही. ज्यांचा एसी थंडीत खोली तापवतोही, त्यांच्याकडे तर त्या वेळी जाड पाइपातून कडक गरम गॅस वाहतो, हात ठेववत नाही इतका. त्याच्या शेजारी बारीक पाइप उघडा चिकटलेला असला, तर एकाची उष्णता दुसऱ्यात जाते. अशा एसीला फोम घेताना त्यावर लिहिलेली कमाल तापमानाची मर्यादा वाचा. नायट्राइल रबर साधारण 105 अंशांपर्यंत टिकतं.

प्रश्न : गच्चीवरच्या पाइपांचा फोम हात लावला की भुगा होऊन पडतो. टेप गुंडाळली होती, तीही फाटली. दर वेळी हेच करत बसायचं का?

उत्तर : ऊन. नायट्राइल रबर घरात वर्षानुवर्षं राहील, पण उघड्या उन्हातल्या अतिनील किरणांनी ते आधी राखाडी होतं, मग भेगाळतं, मग तुम्ही म्हणता तसा भुगा. साधी पीव्हीसी टेपही त्याच वाटेने जाते. उन्हातल्या भागासाठी ईपीडीएम रबर जास्त टिकाऊ, तरीही त्यावर आवरण हवंच. सगळ्यात चांगलं म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी-केसिंग किंवा पत्र्याचं आवरण. उंदीर आणि पक्षीही लांब राहतात. (फोम कुरतडलेला दिसला, तर नुसता फोम बदलून उपयोग नाही, केसिंग घालाच.) ते जमत नसेल, तर फोमवर लावायचा खास रंग मिळतो, तो लावा. साधा तेलरंग नको, तो तडकतो.

टेप गुंडाळायचीच असेल, तर उन्हात टिकणारी घ्या आणि खालून वर गुंडाळत जा. म्हणजे वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पावसाचं पाणी कौलांवरून उतरावं तसं उतरून जातं. वरून खाली गुंडाळली, की प्रत्येक वेढा पाणी आत घेतो. आणि आवळू नका. 19 चा फोम टेपेने करकचून 10 चा करून ठेवलेला मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे, की दुकानात जास्त पैसे दिले कशासाठी, असं विचारावंसं वाटतं. क्लॅम्पचंही तेच. पातळ पट्टीचा क्लॅम्प फोमला जिथे चिमटतो, नेमका तिथे थेंब धरतो. रुंद पट्टी वापरा आणि ती फोमवरून सैलसर घ्या.

प्रश्न : फोम बदलायचं काम घरच्या घरी करता येईल का? गॅस उडेल अशी भीती वाटते.

उत्तर : फोम बदलताना गॅसला हात लागतच नाही, तेव्हा जमेल. नट आणि व्हॉल्व्ह यांना मात्र पाना लावायचा नाही. नव्या एसींमध्ये आर-32 नावाचा गॅस असतो, तो सौम्य का होईना पण ज्वलनशील आहे. काही एसींमध्ये आर-290, म्हणजे प्रोपेन असतो, तो तर सहज पेट घेतो. म्हणून हीटगन, मेणबत्ती, लायटर काहीही जवळ आणू नका. उंचावरचं आउटडोअर असेल, तर स्वतः वाकून काम करू नका, तो भाग मेकॅनिककडूनच करून घ्या.

एसी मेनपासून बंद करून काही तास जाऊ द्या. गार पाइपावर फोम चढवला, तर त्यावरचं पाणी आतच कोंडलं जातं, आणि हे झाकून टाकल्यावर कोणाला कळतही नाही. जुना फोम हाताने सोला. सुरी लावायची वेळ आलीच, तर आधी बोटाने फोम पाइपापासून उचलून मगच चीर द्या. तांबं पातळ असतं, पात्याचा ओरखडा पुढे गळतीची जागा होतो. पाइपाला हेलकावे देऊ नका, वळणावर तो एकदा चेपला की सरळ होत नाही.

नव्या नळीचा आतला व्यास पाइपाच्या बाहेरच्या व्यासाइतकाच घ्या. सैल नळी चालेल असं वाटतं, पण त्या पोकळीतून हवा फिरते. पाइप जोडलेला असल्यामुळे नळी सरकवता येणार नाही, लांबीत चीर द्यावी लागेल. टेबलावर ठेवून, धारदार लांब पात्याने, एका दमात. करवतीसारखं पुढेमागे केलंत, तर कडा खडबडीत होतात आणि चिकटत नाहीत.

आता गोंद. रबर फोमसाठीचा कॉन्टॅक्ट गोंद येतो, तोच घ्या. दोन्ही कडांना पातळ थर लावायचा आणि थांबायचं. इथेच सगळे गडबड करतात. ओला असताना कडा मिटवल्या, तर धरल्यासारख्या वाटतात आणि दुसऱ्या दिवशी उघडलेल्या दिसतात. बोटाचा मागचा भाग टेकवून बघा : चिकट लागला, पण गोंद बोटाला आला नाही, की वेळ झाली. मग आधी दोन्ही टोकं दाबा, नंतर मधला भाग, आणि शेवटी राहिलेल्या फुगीर जागा. एका टोकापासून ओढत ओढत गेलात, तर फोम ताणला जातो आणि नंतर आखडून फट पडते. तुकडे मापापेक्षा किंचित लांबच कापा आणि टोकाला टोक दाबून चिकटवा. टोकाची गोल कडाही गोंदाने भरायची, नुसती भिडवायची नाही. बाहेर चीर भिंतीकडे किंवा खाली वळवा, आभाळाकडे नको. हे करताना खिडक्या उघड्या ठेवा, गोंदाचा वास डोक्यात जातो, आणि तोही पेट घेतो. गोंद पूर्ण वाळेपर्यंत, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत, एसी लावू नका.

प्रश्न : नवा फोम घातला, तर विजेचं बिल किती उतरेल?

उत्तर : फार आशा धरू नका. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉटच्या हिशेबाने उष्णता उचलतो. सावलीतल्या चार-पाच मीटर उघड्या पाइपात त्यातली दोन-तीन टक्के वाया जाईल; पाइप लांब आणि उन्हात असेल, तर जास्त. बिलासाठी आधी फिल्टर धुवा. फोम भिंतीसाठी, छतासाठी आणि पाइपासाठी घालायचा.

प्रश्न : आमच्या पाइपावर चक्क बर्फ जमतो. आणखी जाड फोम गुंडाळू का?

उत्तर : अजिबात नाही. बर्फ हे फोम कमी पडल्याचं लक्षण नव्हे, तो झाकलात तर दिसायचा तेवढा बंद होईल. कॉइलवरून पुरेशी हवा जात नसेल, म्हणजे फिल्टर तुंबला असेल, कॉइल मळकट असेल किंवा ब्लोअर मंद झाला असेल, तर कॉइल गोठतं आणि बर्फ जाड पाइपापर्यंत येतो. आउटडोअरपाशी बारीक पाइपाच्या व्हॉल्व्हवर पांढरं धरत असेल आणि खोली गार होत नसेल, तर गॅस कमी झाल्याची शक्यता मोठी. फिल्टर तुम्ही धुवा. त्याने फरक पडला नाही, तर गळती शोधणारा माणूस बोलवा. नुसता गॅस भरून जाणारा नको. गॅस वापरून संपत नाही, कमी झाला याचा अर्थ कुठूनतरी गेला. आणि बर्फ खरवडू नका, एसी बंद करून वितळू द्या.

प्रश्न : नव्या घरात पाइप भिंतीच्या आतून घ्यायचे आहेत. प्लॅस्टर व्हायच्या आधी काय बघू?

उत्तर : आता विचारलंत ते बरं केलंत. भिंतीच्या आत एकही जोड नको, पाइप सलग असावा. दोन्ही पाइपांना वेगवेगळा 19 मिलिमीटरचा रबर फोम, शिवणी चिकटवलेल्या, आणि खाच एवढी रुंद की फोम न चेपता बसेल. खाच अरुंद पडली की गवंडी फोम तासतो, पाइप नव्हे. तांबं उघडं राहून ओल्या सिमेंटला टेकलेलं कुठे दिसलं, तर तिथेच काम थांबवा. भिंतीतून आरपार जाणारं भोकही फोमसकट पाइप, ड्रेन आणि वायर मावतील एवढं मोठं करून घ्या, आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार ठेवा.

ड्रेनची नळीही भिंतीतून किंवा फॉल्स सीलिंगवरून जात असेल, तर तिच्यावर 9 मिलिमीटरचा फोम घाला. तिच्यातून गार पाणी वाहतं, म्हणजे तीही घामेजते. मग लोक छतावरचा डाग बघून पाइपाला दोष देत बसतात.

प्लॅस्टरच्या आधी नायट्रोजन भरून दाबाची तपासणी करायला सांगा आणि गेज रात्रभर तसंच लावून ठेवा. सकाळी काटा पाहताना रात्रीचं आणि सकाळचं तापमानही लक्षात घ्या. हवा गार झाली की दाब थोडा उतरतो, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पाइपांची उघडी तोंडं एसी बसेपर्यंत बंद करून ठेवायची, नाहीतर आत ओल आणि सिमेंटची धूळ जाते. भिंतीला मोजपट्टी लावून जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनची अंतरं दिसतील असे फोटो काढा, ते घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढे पडद्याचा रॉड ठोकायला येणाऱ्याला आधी ते दाखवायचे.